डोहराखा : खेळासाठी महाकाय शिकारी मगर कशी घडवावी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलवर खेळल्या जाणाऱ्या कल्पनेच्या खेळांत गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एखादा प्रचंड सरपटणारा प्राणी हवा असला, की तो बहुधा नियमावलीतला तयार प्राणी उचलतो आणि त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मरण्यापूर्वी तो किती इजा सोसतो तो आकडा, वाढवतो. मीही हेच केले होते. नागपुरातल्या आमच्या पाच खेळाडूंच्या गटासमोर मी पहिल्यांदा तलावातली राक्षसी मगर आणली तेव्हा तिला ३०० हिट पॉइंट दिले, आणि पुढचे दोन तास पाच शहाणी माणसे आळीपाळीने वीस बाजूंचा फासा टाकून वजाबाकी करत बसली. मगर मेली तेव्हा कोणी ओरडलेसुद्धा नाही. एकाने फक्त पोह्यांवरची तर्री उरली आहे का, असे विचारले. त्यानंतर मी तो प्राणी पूर्ण मोडला आणि खऱ्या मगरीचे शरीर व सवयी समोर ठेवून पुन्हा बांधला. त्याचे नाव डोहराखा. तो कसा बांधला ते येथे क्रमाने सांगतो. आकडे तुमच्या खेळानुसार बदलता येतील, क्रम मात्र शक्यतो बदलू नये.

पहिले काम प्राण्याचे नसून पाण्याचे आहे. पाणवठा ठरल्याशिवाय मगरीला हात घालू नये, कारण तिचे निम्मे बळ पाण्यात असते. मला हा पाणवठा शोधायला लांब जावे लागले नाही. नागपूर हे दख्खनच्या बसाल्टी पठाराच्या पूर्वेकडच्या काठावर वसलेले शहर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने हे पठार रचले तो एका दमात आला नाही. दोन लोंढ्यांच्या मध्ये दीर्घ उसंत असे, त्या काळात थंड झालेल्या काळ्या खडकावर तळी साचत, झाडे वाढत, मासे आणि गोगलगायी नांदत, आणि मग पुढचा लोंढा येऊन ते सारे झाकून टाकी. शहरालगतच्या टाकळी येथे अशाच मधल्या थरांतले जीवाश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोळा केले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही शहरात आहे. खेळाचे जग रचणाऱ्याला याहून चांगली जागा कोण देणार? दोन लाव्ह्यांच्या मधला तलाव ही अशी जागा आहे, की तिथे शांतता आहे पण ती उसनी आहे. माझ्या जगातल्या त्या तलावाकाठच्या गावाला पुढचा लोंढा कधी येणार हे ठाऊक नाही, आणि खेळाडूंनाही नाही. त्यामुळे प्राण्याशी लढताना डोक्यावर आणखी एक घड्याळ चालू राहते.

लाव्हा नको असेल त्यांनी पूर्व विदर्भातला मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, तलाव डोळ्यांसमोर आणावा. भंडारा-गोंदियाकडे असे जुने तलाव पुष्कळ आहेत : एका बाजूला मातीची पाळ, पलीकडे धानाची शेते, काठावर ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, डोंगे. अशा जागेचा नकाशा एकदा नाही, दोनदा काढावा. भाद्रपदात पाणी पाळीला टेकलेले असते आणि वैशाखात मधोमध एक डोह व भोवती गुडघाभर चिखल उरतो. एकच प्राणी या दोन नकाशांवर दोन वेगळे प्राणी वाटतो, आणि गेम मास्टरला त्यासाठी एकही नवा आकडा लिहावा लागत नाही.

आता आकार. दलदली मगर, म्हणजे आपल्याकडच्या नद्या-तलावांतली मगर, साधारण चार मीटरपर्यंत वाढते. क्वचित पाच मीटरच्या आसपास जाते. डोहराखा १२ मीटरचा आहे, म्हणजे शहरातल्या मोठ्या बसएवढा. येथे पुष्कळांची एक चूक होते. लांबी तिप्पट झाली की वजनही तिप्पट होईल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात वजन तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ पट वाढते, आणि पायांच्या हाडांचा छेद मात्र फक्त नऊपट वाढतो. चार मीटरची मगर अडीचशे किलोंची धरली तर १२ मीटरचा डोहराखा पावणेसात टनांचा होतो. म्हणजे हाडाच्या जाडीच्या मानाने त्यावर तिप्पट ओझे पडते. यावरून पहिला नियम आपोआप निघतो : पाण्यात तो चपळ आहे, जमिनीवर पहिल्या झडपेनंतर पोटावर बसतो. हे केवळ गणित नाही. आफ्रिकेतल्या सार्कोसुकस या लुप्त मगरसदृश प्राण्याची लांबी नऊ मीटरांच्या पुढे जात असे, तेव्हा एवढ्या मापाचे शरीर निसर्गात अगदीच अशक्य नव्हते.

टेबलवर हा आकार दिसला पाहिजे. इंचाच्या चौकटींच्या नकाशावर एक चौकट पाच फुटांची असते, म्हणजे १२ मीटरचा प्राणी आठ चौकटी लांब. नियमावलीतला चार गुणिले चारचा चौकोनी ठोकळा वापरू नये. मगर चौकोनी नसते. पुठ्ठ्याचे दोन चौकटी रुंदीचे चार तुकडे कापून ते दोऱ्याने जोडावेत, म्हणजे शरीर वळते, शेपूट मागून फिरते आणि डोंग्याला विळखा पडतो. आणि पहिल्याच क्षणी चारही तुकडे मांडू नयेत. मारबतीच्या, म्हणजे प्रचंड पुतळ्याच्या, मिरवणुकीत नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या बोळात उभे राहून पाहिले असेल त्याला हे लगेच कळेल : मारबत एकदम दिसत नाही, आधी गर्दीच्या डोक्यांवरून केवळ माथा येतो, मग खांदा, आणि ती किती मोठी आहे हे बोळाच्या दोन्ही भिंती भरून गेल्यावर उमगते. मगरीचे डोके ढोबळमानाने एकूण लांबीच्या एक सप्तमांश असते. डोहराख्याचे डोके म्हणजे एका माणसाच्या उंचीचे झाले. पहिल्या दिवशी पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा ठेवावा.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. प्राण्याला शक्ती वाटण्याऐवजी त्याच्या एकेका अवयवाला आणि सवयीला एकेक नियम द्यावा, आणि प्रत्येक नियमात खेळाडूंना धरता येईल असे एक टोक ठेवावे.

पायाभूत आकड्यांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमावलीतली महाकाय मगर उत्तम आहे. तिचे हिट पॉइंट ८५, आर्मर क्लास (तिच्यावर वार बसण्यासाठी लागणारा आकडा) १४. चाव्याची इजा दहा बाजूंचे तीन फासे अधिक पाच. चावा बसला की सावज जबड्यात अडकते आणि सुटण्यासाठी १६ किंवा त्याहून अधिक आकडा लागतो. तोंडात एक सावज असताना ती दुसऱ्याला चावू शकत नाही, शेपटीने मात्र इतरांना आडवे पाडू शकते. हा शेवटचा तपशील कधीही काढू नये, कारण साऱ्या लढाईचा ताण त्यावर उभा आहे : जो जबड्यात आहे तो इतरांसाठी वेळ विकत घेतो. मी हिट पॉइंट १२० केले, त्यापुढे गेलो नाही. पाच पात्रांनी प्रत्येक फेरीत सरासरी १२ इजा केली तर एका फेरीत ६० होतात आणि प्राणी दोन फेऱ्यांत संपतो, हे खरे; पण त्यावरचा उपाय मोठा आकडा नाही. उपाय मगरीच्या स्नायूंतच आहे.

मगरीचे स्नायू झटक्यात प्रचंड जोर लावतात, परंतु तो जोर बहुतांशी प्राणवायूविना निर्माण होतो. रक्तात लॅक्टिक आम्ल साचते आणि मोठ्या मगरीला त्यातून सावरायला कित्येक तास लागतात. पकडताना फार काळ झगडलेल्या मोठ्या मगरी या आम्लामुळे नंतर दगावल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून डोहराखा तीन फेऱ्या लढतो. चौथ्या फेरीपासून दर वेळी त्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे दमसास टिकवण्यासाठीचा फासा, टाकावा लागतो, आणि तो फसला की तो सावजासह किंवा सावजाविना बुडी मारतो. पाण्याखाली गेल्यावर त्याला काठावरून काहीही लागत नाही. दोन तासांची एक कंटाळवाणी लढाई अशा रीतीने तीन-तीन फेऱ्यांच्या तीन चकमकींत वाटली जाते, आणि मधल्या वेळेत खेळाडू पाण्याकडे पाहत बसतात. खरी भीती तेव्हाची. शिवाय हुशार गटाला टोकही सापडते : त्याला दमवता येते. आमच्या गटाने दुसऱ्या वेळी हेच केले. तिघांनी काठाने धावून त्याला पहिल्या झडपेची उधळण करायला लावली आणि मगच उरलेले दोघे पुढे सरसावले.

जबड्याचेही तसेच. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या चाव्याचा जोर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत १६,००० न्यूटनांहून अधिक भरला. पण जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात, की मिटलेले तोंड साध्या दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवता येते. नियम असा करावा की मिटलेल्या जबड्यावर फास टाकणे सोपे आहे, आणि फास बसला की चावा बंद. मग प्रश्न उरतो तो जबडा मिटवायचा कसा, आणि त्यासाठी त्याला काहीतरी चावायला द्यावे लागते. बोकड, ढाल, चामडी पखाल. आमच्याकडे एकीने बैलगाडीचे जू भिरकावले होते आणि मी ते आनंदाने मान्य केले.

मगरीला चावून बारीक करता येत नाही. मोठे सावज ती धरते आणि स्वतःभोवती गिरक्या घेऊन फाडते. खेळात ही गिरकी आणताना एक अडचण येते, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. नियमांप्रमाणे साधे पात्रही एक मिनिट किंवा अधिक श्वास रोखू शकते. एक फेरी सहा सेकंदांची असल्याने एका मिनिटात दहा फेऱ्या बसतात, आणि एवढ्या काळात लढाई संपून जाते. म्हणजे पाण्याखाली ओढले जाण्याची धास्ती केवळ बोलण्यापुरती राहते. मी घरचा नियम केला : प्रत्येक गिरकीला दहा बाजूंचे दोन फासे इजा, आणि श्वासाचा एक मिनिट कमी. या एका ओळीने बुडण्याची भीती खरी झाली. डोहराख्याला स्वतःला ती चिंता नाही. नियमावलीतली महाकाय मगर अर्धा तास श्वास रोखते, आणि घशाच्या तोंडाशी असलेल्या पडद्यामुळे पाण्यात जबडा उघडला तरी खऱ्या मगरीच्या श्वासनळीत पाणी शिरत नाही.

ऐकण्या-पाहण्याबद्दल एकच नियम पुरे. मगरीच्या जबड्यावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्यांना पाण्यातली सूक्ष्म लहरही कळते. त्यामुळे गडद अंधारातसुद्धा पाण्यात हालणारा कोणीही डोहराख्याला ठाऊक असतो, आणि स्तब्ध उभा राहणारा ठाऊक नसतो. टेबलवर याचा परिणाम विलक्षण होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या खेळाडूला आपली पाळी आल्यावर काहीही न करण्याचा पर्याय निवडावा लागतो, आणि एरवी सगळ्यात आधी फासा उचलणारा माणूस हात मांडीखाली दाबून बसतो.

उष्णतेचा नियम नागपूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. मगर आपल्या अंगाची ऊब बाहेरून घेते. डिसेंबरातल्या गारठ्याच्या सकाळी ती सुस्त असते आणि उन्हात येऊन पडते. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी ती पाण्यात किंवा काठाच्या मातीत खोदलेल्या बिळात शिरते. दलदली मगर अशी बिळे खरोखर खोदते. म्हणून लढाईची वेळ खेळाडूंना निवडू द्यावी. थंडीच्या पहाटे डोहराख्याची इनिशिएटिव्ह, म्हणजे आधी कोणाची पाळी हे ठरवणारा आकडा, अर्धी धरावी; वैशाखाच्या दुपारी त्याला शोधायचे असेल तर बिळात उतरावे लागेल, आणि बिळात दोन चौकटींपेक्षा जास्त रुंदी देऊ नये.

याच थंड रक्तामुळे एक नेहमीचा आक्षेपही सुटतो. एवढा प्राणी तलावात असेल तर गाव शिल्लक कसे? सरपटणाऱ्या प्राण्याला तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण एक दशांश अन्न पुरते आणि मोठी मगर कित्येक महिने उपाशी राहू शकते. डोहराखा वर्षातून चार-पाच वेळा खातो. म्हणून गावात म्हाताऱ्यांना तो ठाऊक आहे, तरुण त्याला गोष्ट समजतात, आणि पोळ्याच्या आधी बैल धुवायला नेताना एका ठरावीक घाटावर कोणी जात नाही, पण का जात नाही हे कोणाला धड सांगता येत नाही.

इथून खुणांकडे यावे. लढाईआधी निदान दोन सेशन, म्हणजे खेळाच्या दोन बैठका, खुणांवर घालवावीत, आणि त्या खुणा पहिल्यांदा चुकीच्या वाचल्या जातील अशा असाव्यात. हे मी भूविज्ञानातल्या एका प्रसंगावरून शिकलो. १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातेत ढोली डुंगरी येथे डायनासोरच्या अंड्यांजवळ काही हाडे मिळाली. ती आरंभी डायनासोरच्या पिल्लाची मानली गेली. पुढे लक्षात आले की त्यांतली बरीच हाडे एका सापाची आहेत, आणि तो साडेतीन मीटरांचा साप घरट्यात अंड्याभोवती वेटोळे घालून असताना गाडला गेला होता. २०१० साली त्याचे सनाजेह इंडिकस असे नामकरण झाले. त्याच दगडात शिकारी आधीपासून होता, पाहणाऱ्याला तो नंतर दिसला. खेळाडूंना अशी एखादी खूण द्यावी, की त्यांनी ती पिशवीत घालून आठवडाभर मिरवावी आणि मग तिचा अर्थ कळावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावच्या शिवारात डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात, आणि २००५ साली अशाच गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे प्रसिद्ध झाले. मी आमच्या गटाला तसाच एक गोल दगड दिला. त्यांनी तो देवाचा समजून गळ्यात बांधला. त्यांच्या पुजाऱ्याला तो काय आहे हे तिसऱ्या सेशनला कळले, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

बाकीच्या खुणा मगरीच्याच घ्याव्यात. काठावरच्या ओल्या मातीत घसरणीचा रुंद पट्टा. रात्री मशालीच्या उजेडात पाण्यावर चमकणारे दोन तांबडे ठिपके, आणि त्या दोन ठिपक्यांतले अंतर दीड वीत. मगरीच्या डोळ्यांत उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे हे दृश्य खरेच असे दिसते. आणि सर्वांत चांगली खूण काटक्यांची. बगळ्यांचा घरटी बांधण्याचा हंगाम असताना दलदली मगरी मुस्कटावर काटक्या घेऊन निश्चल पडून राहतात आणि काडी उचलायला आलेला पक्षी पकडतात, असे निरीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. डोहराखा काटक्या कशाला घेईल? तो एक उलटा डोंगा घेतो. तलावाच्या मधोमध वाऱ्याविना स्थिर राहिलेला रिकामा डोंगा दिसला, की आमच्याकडे कोणीतरी तो आणायला पोहत जाणारच.

पहिला हल्ला कोणावर करावा याविषयी माझे मत ठाम आहे : खेळाडूंवर नाही. आधी एक बैल जाऊ द्यावा, तोही वाक्याच्या मध्येच, वर्णन न लांबवता. प्राण्याची ताकद सर्वांना कळते, आणि पुढे पात्र मेले तरी ते अन्यायाने मेले असे वाटत नाही. बैल गेल्यावर लगेच फासे काढू नयेत. पाणी पुन्हा सपाट होईपर्यंत थांबावे.

मगरीऐवजी दुसरा प्राणी हवा असेल त्यांच्यासाठीही आपल्या मातीत साठा आहे. कच्छमधल्या पानांध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून २०२४ साली वासुकी इंडिकस हा साप वर्णिला गेला. त्याची अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर. नर्मदेकाठचा राजासॉरस डोक्यावर एकच शिंग मिरवणारा मांसाहारी डायनासोर होता आणि त्याचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. पद्धत तीच : सापाला पाय नाहीत, म्हणून त्याच्यासाठी खाणीचे अरुंद बोगदे; राजासॉरसला पाणी नको, मोकळे मैदान हवे. वासुकीवर मी अजून काम करत आहे, आणि उमरेडकडच्या कोळसा खाणी पाहिलेल्या माणसाला त्याचा नकाशा काढायला वेळ लागणार नाही.

एक सूचना येथेच देऊन ठेवतो. काही वर्षांपूर्वी शहरातून वाहणाऱ्या नाग नदीतही मगर दिसली होती आणि ती पाहायला गर्दी लोटली होती. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. खेळाच्या अभ्यासासाठी खऱ्या मगरीच्या मागे जाण्याचे काही कारण नाही.

शेवटची चकमक बिळाशी ठेवावी, कारण बिळाजवळ घरटे असते. दलदली मगर काठाच्या मातीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते, पिल्लांचा आवाज आला की माती उकरते, आणि त्यांना त्याच जबड्यात उचलून अलगद पाण्यात सोडते. खेळाडूंनी दोन सेशन ज्याला नर समजून शिव्या घातल्या ती मादी आहे हे त्यांना तेव्हा कळावे. तोंडात पिल्ले असताना ती चावू शकत नाही. नियम तोच, जो पहिल्या दिवसापासून चालू आहे. त्या फेरीत गटाला हल्ल्याची पूर्ण संधी मिळते, आणि ती घ्यायची की नाही हे त्यांनी आपसांत ठरवावे. गेम मास्टरने त्या वेळी एक शब्दही बोलू नये. आमच्या गटात तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि फास हातात धरलेली मुलगी दोघांत होती.

अंडी पळवली गेली, आणि कोणीतरी ती पळवतेच, तर तापमान लिहून ठेवावे. मगरीच्या पिल्लाचे लिंग अंड्याच्या उबेवर ठरते : दलदली मगरीत ३२.५ अंश सेल्सिअसच्या आसपास नर अधिक निघतात, त्याहून गारव्यात माद्या. आमच्या चोराने अंडे लोहाराच्या भट्टीजवळ ठेवले आहे. भट्टी रात्री विझते की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.